खाटा किती?

गंभीर आजारी मुलांसाठी हॉस्पिस काढायचे असे चार माणसांनी ठरवले, की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: खाटा किती? मग जागेचा विषय निघतो, मग बांधकामाचा, आणि चहा संपेपर्यंत कोनशिलेवर नाव कोणाचे इथपर्यंत गाडी येते. यात हसण्यासारखे काही नाही. देणगीदाराला आपला पैसा कुठे गेला ते दिसावे असे वाटते. भिंत दिसते, रात्री अडीच वाजता कोणीतरी उचललेला फोन दिसत नाही. तरीही मला या प्रकरणात हेच मांडायचे आहे, की मुलांच्या हॉस्पिसच्या बाबतीत खाटांचा प्रश्न पहिला नसून शेवटचा आहे. काम घरांतून, वस्तीतून, पाड्यावरून सुरू झाले तर पुढे खाटाही योग्य जागी आणि योग्य संख्येने येतात. इमारतीपासून सुरुवात केली, तर ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांतली बहुतेक मुले तिच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत.

मुळात ही मुले कोण? हॉस्पिस म्हटले की डोळ्यांपुढे केस गेलेले, कर्करोगाचे मूल येते. ते चित्र अपुरे आहे. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली अशा मुलांचे चार गट पाडले, आणि आजही जगभर तीच विभागणी वापरली जाते. पहिल्या गटात उपचार आहेत, पण ते फसू शकतात. कर्करोग त्यात येतो. दुसऱ्यात उपचारांनी आयुष्य बरेच लांबते, तरी अकाली मृत्यू टळत नाही. ड्यूशेनचा स्नायुविकार किंवा सिस्टिक फायब्रोसिस यांसारखे आजार. तिसऱ्यात बरे करणारा उपचारच नाही आणि मूल वर्षानुवर्षे हळूहळू खालावत जाते. चौथ्या गटातला आजार स्वतः वाढत नाही, पण त्याने आधीच इतके नुकसान केलेले असते की एखादा साधा न्यूमोनियाही जिवावर बेतावा; तीव्र सेरेब्रल पाल्सीची मुले या गटात मोडतात. पहिला गट सोडला तर बाकीच्यांचा हिशेब दिवसांत मांडता येत नाही, वर्षांत मांडावा लागतो. चौथ्या गटातले एखादे मूल दहा वर्षे जगले तर ते सुमारे पाचशेवीस आठवडे होतात. त्यांतले वीस आठवडे दवाखान्यात गेले असे धरले, तरी उरलेले पाचशे आठवडे ते घरात असते, आईच्या मांडीवर नाहीतर जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर. खाटांच्या हिशेबात हे पाचशे आठवडे येतच नाहीत.

वैद्यक सुधारले की ही मुले कमी होतील, असेही वाटण्याचा संभव आहे. घडते ते उलटेच. इंग्लंडमध्ये २००१-०२ साली दर दहा हजार मुलांमागे सुमारे २७ मुले आयुष्य तोकडे करणाऱ्या आजाराची होती. २०१७-१८ पर्यंत हा आकडा ६६ च्या पुढे गेला. आजार वाढले म्हणून नव्हे, मुख्यतः मुले अधिक काळ जगू लागली म्हणून. अतिदक्षता विभागाने वाचवलेले प्रत्येक मूल पूर्ण बरे होऊन घरी जात नाही. जगभरातला अंदाज २०१७ साली मांडला गेला: सुमारे २ कोटी १० लाख मुलांना अशा सेवेची गरज आहे, आणि त्यांतल्या सुमारे ८० लाखांना तज्ज्ञांच्या हाताखालची. यांतली फार मोठी संख्या आपल्यासारख्या देशांत आहे. एवढ्यांना पुरतील इतक्या खाटा कोणताही देश बांधणार नाही.

यावर ऑक्सफर्डचे उदाहरण पुढे केले जाते. जगातले मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस, हेलन हाउस, नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथे उघडले, आणि ती तर इमारतच होती! खरे आहे; आठ मुलांची सोय असलेली, एका मठाच्या बागेत उभारलेली इमारत. पण ती कशातून उभी राहिली ते पाहण्यासारखे आहे. १९७८ साली हेलन नावाच्या लहान मुलीच्या मेंदूतली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, मात्र मेंदूला झालेली इजा भरून आली नाही. आईवडिलांनी तिला घरी आणले. मुलांची परिचारिका म्हणून लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट रुग्णालयात शिकलेल्या आणि त्या वेळी मठाच्या प्रमुख असलेल्या सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या कुटुंबाच्या संपर्कात आल्या. त्या अधूनमधून हेलनला काही दिवस स्वतःकडे ठेवून घेत, म्हणजे आईवडिलांना झोप मिळे. उपचार असा नव्हताच. आपल्याकडे शेजारीण म्हणते ना, ‘दे आज माझ्याकडे, तू जरा पड,’ तोच हा प्रकार, फक्त अधिक कौशल्याने केलेला. हेलन हाउस ही त्या शेजारधर्माला बांधलेली खोली होती. तिथे येणारी मुले बहुतांशी कर्करोगाची नव्हती, मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या विकारांची होती, आणि ती काही दिवस राहून घरी परतत. तेव्हा ज्या इमारतीचे उदाहरण देऊन आपण इमारतीपासून सुरुवात करू पाहतो, ती स्वतः घरापासून सुरू झाली होती.

त्याच्याही आधी अमेरिकेत एक प्रयोग होऊन गेला होता. इमारतीचे छायाचित्र निघते, रजिस्टरचे निघत नाही, म्हणूनच बहुधा तो तितका गाजला नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या परिचर्या विभागाच्या प्राध्यापिका आयडा मार्टिन्सन यांनी १९७२ पासून मरणाच्या वाटेवरच्या, कर्करोगाच्या मुलांना घरीच सांभाळता येते का हे तपासायला सुरुवात केली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा निधी मिळाला आणि दोन वर्षांत ५८ मुलांच्या कुटुंबांबरोबर काम झाले. रचना साधी होती. काळजी घेणारे मुख्य माणूस म्हणजे आईवडील. त्यांच्या मदतीला परिसरातलीच एखादी परिचारिका, दिवसरात्र फोनवर आणि गरज पडली की घरी. डॉक्टर सल्ल्यापुरता. रुग्णालयाचे दार मात्र उघडे. कोणत्याही क्षणी परत जाण्याची मुभा. त्या ५८ मुलांतली ४६ घरी वारली. दार उघडे असूनही एवढ्या कुटुंबांनी घर निवडले, याचे महत्त्व मला वाटते. परतीची वाट बंद करून घरी पाठवणे म्हणजे हात झटकणे. आपल्याकडे ‘आता घरी घेऊन जा’ हे वाक्य ज्या अर्थाने ऐकू येते तो अर्थ. मिनेसोटात घरी पाठवल्यावरच खरे काम सुरू होत होते.

घरी काम म्हणजे नेमके काय, हे न सांगता नुसता ‘मायेचा आधार’ म्हणत राहिलो तर सगळा युक्तिवाद पोकळ होईल. म्हणून एक उदाहरण जरा सावकाश पाहू. सेरेब्रल पाल्सीचे सहा वर्षांचे मूल. बोलत नाही, बसत नाही, आणि रोज संध्याकाळी दोन-दोन तास रडते. घरातले धरून चालले आहेत की हे असेच असते. प्रशिक्षित माणूस घरात येतो तेव्हा तो रडण्याचे कारण शोधतो, आणि कारण बहुतेक वेळा सापडते. चार दिवस शौचाला झालेली नसते. किंवा स्नायूंच्या सततच्या ताणाने खुब्याचा सांधा निसटलेला असतो आणि लंगोट बदलताना पाय फाकवले की कळ उठते. किंवा अन्न उलटे वर येऊन घशाशी जळजळते. किंवा दात किडलेला असतो, जो कोणी तोंड उघडून पाहिलेलाच नाही. प्रत्येकाला वेगळे आणि बहुधा स्वस्त उत्तर आहे. भरवण्याचेही तसेच. आडवे धरून, मान मागे टाकून पाजण्याची पद्धत घरोघरी दिसते. अशा मुलात ती पातळ पेज श्वासनलिकेत उतरवते आणि मग महिन्या-महिन्याने ‘छाती भरते’. मूल टेकू देऊन बसते केले, हनुवटी किंचित खाली आणली, नाचणीची पेज थोडी घट्ट केली आणि घास लहान ठेवला, तर पुढचा न्यूमोनिया टळू शकतो. फेफऱ्याचे औषध कोणत्या वेळी आणि किती, एक वेळ चुकली तर काय करायचे, झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर काय करायचे, हे आईच्या हाताला आणि तोंडाला पाठ व्हावे लागते. हे सगळे बाह्यरुग्ण विभागातल्या तीन मिनिटांत शिकवता येत नाही. घरातला उजेड, घरातली चूल आणि घरातली गोधडी पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही.

मुलांच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करण्याची परंपरा घरांपुरती नाही, वैद्यकातही ती होती. नवजात बाळांना फारशी वेदना कळत नाही, असे मानून १९८० च्या दशकापर्यंत त्यांच्यावर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. हे चूक असल्याचे दाखवणाऱ्यांत कंवलजीत आनंद यांचे नाव पुढे आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते ऑक्सफर्डला गेले आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाने सिद्ध केले की पुरेशी भूल दिलेली अपुऱ्या दिवसांची बाळे शस्त्रक्रियेतून अधिक चांगली सावरतात. पण कळले म्हणजे वळले असे होत नाही. २००० साली बोस्टनमधल्या १०३ पालकांशी बोलून केलेल्या अभ्यासात आढळले की कर्करोगाने गेलेल्या त्यांच्या मुलांपैकी ८९ टक्क्यांनी शेवटच्या महिन्यात कोणत्या ना कोणत्या लक्षणाचा फार त्रास सोसला होता. वेदनेवर ज्यांचे उपचार झाले, त्यांत ते यशस्वी ठरल्याचे सांगणारे पालक जेमतेम २७ टक्के होते. जगातल्या उत्तम रुग्णालयांच्या शहरातली ही गोष्ट आहे. इमारत, यंत्रे, तज्ज्ञ, सगळे हजर होते. वेदना मोजणे आणि तिचा पाठपुरावा करणे हे कोणाचे ठरलेले काम नव्हते.

इथे मॉर्फिनचा आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. अफूपासून बनणारे औषध झोपडीत, लहान मुलासाठी, अल्पशिक्षित आईच्या हाती द्यायचे? चोरी होईल, सवय लागेल, श्वास थांबेल. पहिल्यांदा श्वासाचे. मुलाच्या वजनानुसार ठरवलेल्या लहान मात्रेने सुरू करून, ठरलेल्या अंतराने तोंडावाटे दिले आणि गरजेप्रमाणे हळूहळू वाढवले तर श्वास मंदावण्याचा धोका फार कमी असतो. हमखास येणारा त्रास म्हणजे बद्धकोष्ठता, आणि त्यासाठी रेचक पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांसाठीची वेदनेची शिडी दोन पायऱ्यांची केली: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, त्याहून अधिक असेल तर थेट मॉर्फिनसारखे औषध. मधली कोडीनची पायरी काढली, कारण कोडीनचे शरीरात काय होईल हे मुलागणिक बदलते. चोरीच्या भीतीचा इतिहास मात्र आपल्याला लाजवणारा आहे. मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते. वेदनाशामक औषधांचा कच्चा माल आपण जगाला पुरवतो. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला, राज्याराज्यांचे परवाने एकमेकांत गुंतले, शिक्षेच्या धास्तीने औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली. मनातली धास्ती कमी करणे कायद्याला जमत नाही. युगांडात १९९३ पासून मॉर्फिनची भुकटी पाण्यात मिसळून पातळ औषध बनवतात, बाटल्यांत भरतात आणि ते घरोघरी जाते. २००४ पासून तिथे खास प्रशिक्षित परिचारिकांना ते लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार आहे. आपल्याहून गरीब देशाने हे सुरक्षितपणे चालवून दाखवले. हिशेब कडक हवाच: बाटलीवर तारीख, वहीत दर मात्रेची नोंद, उरलेले औषध परत. घरभेटीचा कार्यक्रम असेल तरच हा हिशेब शक्य होतो, आणि म्हणून मॉर्फिनची भीती हे घरभेटी न करण्याचे कारण ठरू शकत नाही. उलट घरभेटी सुरू करण्याचे ते एक कारण आहे.

‘पण हे करणार कोण? डॉक्टर खेड्यात जात नाहीत, आणि शेजारणीच्या भरवशावर आजारी मूल सोडायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीने निराळ्या संदर्भात देऊन ठेवले आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास घरातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे त्या शिकल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. जी बाई जेमतेम शाळा शिकून एवढ्याशा बाळाचा जंतुसंसर्ग ओळखू शकते, तिला वेदनेच्या खुणा ओळखणे आणि ठरवून दिलेले औषध मोजून देणे जमणार नाही असे मानायला आधार काय? दोन कामे एक नाहीत, हे मान्य. गडचिरोलीत बाळ वाचत होते आणि त्याचा आनंद आरोग्यदूताला पुढच्या घरी नेत होता. इथे मूल वाचणार नाही हे माहीत असते. कौशल्यापेक्षा हा भार अवघड आहे, आणि म्हणून या कामात आशाताईला एकटीला पाठवणे अन्याय ठरेल. तिच्यामागे महिन्यातून एकदा तरी बसून ऐकणारे कोणी हवे, आणि तिच्या वेळेचा मोबदला हवा.

केरळचे उदाहरण इथे हटकून दिले जाते. १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामातून २००१ मध्ये शेजार-जाळ्याची कल्पना पुढे आली आणि मलप्पुरममध्ये विशेष फोफावली. आठवड्याला निदान दोन तास देणारे स्वयंसेवक, परिसरातून गोळा होणारी लहान लहान रक्कम, त्यातून नेमलेली परिचारिका, आणि २००८ पासून राज्याचे धोरण व पंचायतींचा सहभाग. हे काम थोर आहे, पण त्याची नक्कल करू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मलप्पुरममध्ये घराला घर लागून आहे, रस्ता दारापर्यंत जातो, आणि वर्तमानपत्र वाचणारा माणूस दर चौकात सापडतो. शिवाय ते जाळे प्रामुख्याने मोठ्या माणसांसाठी, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी विणले गेले. मुलांना त्यात जागा मिळते, पण मुलांचे प्रश्न वेगळे असतात: शाळा, खेळ, वाढीबरोबर बदलणारी औषधाची मात्रा, आणि बाजूला पडलेली भावंडे.

महाराष्ट्राने मुलांच्या बाजूने स्वतःची सुरुवात केलेली आहे, आणि तिची चर्चा जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही. २०१० साली टाटा मेमोरियल रुग्णालय, भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटना, मुलांसाठी काम करणारे आंतरराष्ट्रीय जाळे आणि ब्रिटनची हॉस्पिस संघटना यांनी ब्रिटिश सरकारच्या निधीतून राज्यात मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, प्रकल्प हाती घेतला. टाटाच्या डॉ. मेरी ॲन मुकादेन त्यात अग्रभागी होत्या. शहरासाठी शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय निवडले गेले आणि आदिवासी भागासाठी जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय. जव्हारची ही निवड मला सगळ्यात बोलकी वाटते. मुंबईपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या या तालुक्यात वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. पावसाळ्यात ओहोळ भरला की पाडा तुटतो. आजार झाला की अनेकदा आधी भगत, मग उपकेंद्र, आणि सगळ्यांत शेवटी एसटी पकडून कुटीर रुग्णालय. अशा ठिकाणी पाचपन्नास खाटांचे बालहॉस्पिस बांधून काय झाले असते? आई मुलाला घेऊन तिथे राहिली, तर घरची बाकीची मुले, शेळ्या आणि भातलावणी कोण पाहणार? तिथे हॉस्पिस म्हणजे आधीच उभ्या असलेल्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या दुखण्याकडे पाहणारी माणसे तयार करणे आणि त्यांचे हात पाड्यांपर्यंत लांबवणे, एवढाच अर्थ होऊ शकतो. त्यानंतर २०१२ साली राज्याने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण स्वीकारले. असे करणारे हे केरळनंतरचे दुसरे राज्य. धोरणाचा कागद आणि पाड्यावरची वही यांच्यातले अंतर मात्र अजून पुष्कळ आहे, आणि ठरावीक मुदतीच्या परदेशी निधीवर सुरू झालेल्या कोणत्याही कामाची परीक्षा तो निधी आटल्यावरच होते.

जव्हारचे नाव घेतले की सर्वांत टोकदार आक्षेप समोर येतो. याच तालुक्यात वावर-वांगणीला १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. जिथे वाचू शकणारी मुले मरतात तिथे न वाचणाऱ्या मुलांवर पैसा का घालवायचा? मी हा प्रश्न टाळणार नाही. लस आणि हॉस्पिस यांतून एकच निवडायची वेळ आली तर लस निवडली पाहिजे. पण प्रत्यक्षात ही निवड क्वचितच अशी समोर येते. पाड्यावर जाणारी ताई तीच आहे, वही तीच आहे. सेरेब्रल पाल्सीचे मूल कुपोषितही असते, कारण त्याला भरवायला दोन तास लागतात आणि ते दोन तास आईकडे नसतात. त्याला पाहायला गेलेली ताई त्याच्या धाकट्या बहिणीचे वजनही घेते. आणि हातात काही नसलेले कुटुंब कर्ज काढून, जमीन गहाण टाकून शहरातल्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवते, तेव्हा त्या कर्जाने पुढचे मूल कुपोषित होते. खरी स्पर्धा असेल तर ती इमारतीची आहे. इमारत खरोखरच दुसऱ्या कशाचा तरी पैसा खाते. घरभेट आहे त्या यंत्रणेच्या खांद्यावर उभी राहू शकते.

दुसरा आक्षेप आईबापांचा आहे आणि तो आकड्यांनी खोडता येणार नाही: हॉस्पिसचे नाव काढले की डॉक्टरांनी हात टेकले असे वाटते. मोठ्यांच्या हॉस्पिसने हा समज स्वतःच पक्का केला. अमेरिकेत १९८२ पासूनच्या सरकारी विम्यात हॉस्पिस हवे असेल तर आयुष्य सहा महिन्यांच्या आत आटोपेल असे डॉक्टरांनी लिहून द्यायचे आणि रुग्णाने बरे करणारे उपचार सोडायचे, अशी अट होती. मुलांच्या बाबतीत ती अट किती निर्दय आहे हे कळायला २०१० उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या सरकारी विम्यातल्या मुलांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी घेण्याची मुभा दिली. बोस्टनच्याच त्या पालकांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसते की मूल वाचणार नाही हे डॉक्टरांना मृत्यूच्या सरासरी २०६ दिवस आधी उमगले होते, पालकांना १०६ दिवस आधी. मधले शंभर दिवस डॉक्टर आणि आईबाप एकाच खाटेशेजारी दोन निरनिराळ्या जगांत उभे होते. निदानाच्या दिवसापासूनच घरी येणारे एक ओळखीचे माणूस असेल, तर ‘आता ही बाई आली म्हणजे संपले’ असा अर्थ तिच्या येण्याला चिकटत नाही. ती केमोच्या दिवसांतही येत होती, तापाच्या रात्रीही आली होती.

मुलाला सांगायचे का, हा त्यातलाच नाजूक भाग. स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता; न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या घरात आणू नयेत असे मला वाटते. जिथे आजोबांना त्यांचाच कर्करोग सांगितला जात नाही, तिथे नातवाला सांगण्याचा निर्णय आईबाप एकटे घेत नसतात. पण मुलांना कळत नाही हा समज मात्र सोडावा. मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी ल्युकेमियाच्या लहान मुलांमध्ये महिनोन्‌महिने बसून केलेले निरीक्षण १९७८ साली पुस्तकरूपात आले. तीन ते नऊ वर्षांच्या त्या मुलांना आपण मरणार हे ठाऊक होते, आणि आईवडिलांना त्रास नको म्हणून तीच ते लपवत होती. दोन्हीकडून चाललेल्या या लपाछपीत मूल जे बोलते ते बहुधा तिसऱ्याच माणसाशी: मालिश करायला येणाऱ्या ताईशी, शेजारच्या मावशीशी.

इथवर मी घराची बाजू घेतली. पण प्रत्येक घर घरासारखे नसते, हेही म्हटले पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, पहाटे चार ते पाच पाणी, भिंतीपलीकडे शेजाऱ्याची परीक्षा देणारी मुलगी. अशा ठिकाणी मुलाचे शेवटचे दिवस काढणे आईला जड जाते. घरमालक कुरकुरतो. काही आयांना त्या खोलीत पुढे आयुष्य काढायचे असते आणि मूल तिथे गेलेले नको असते. मुंबईत टाटाला येणारी कितीतरी मुले उत्तर प्रदेश, बिहार, बंगालची असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा एखाद्या निवासी केंद्रात महिनोन्‌महिने राहणाऱ्या या कुटुंबांचे घर दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासापलीकडे असते. त्यांच्यासाठी खाटा हव्यात. १९८६ साली वांद्र्याला सुरू झालेले शांती अवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस खाटांचेच होते, आणि त्याची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. थकलेल्या आईला आठवडाभर झोप मिळावी म्हणूनही खाटा हव्यात. ऑक्सफर्डच्या त्या आठ खाटा यासाठीच होत्या. फक्त त्या किती आणि कुठे, हे घरभेटींच्या वहीतून कळते. दोन वर्षांच्या नोंदी उलटल्या की दिसते: किती रात्री आईने फोन करून ‘आता मला झेपत नाही’ म्हटले, कोणत्या वस्तीतून सर्वाधिक, पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती. दहा रात्री निघाल्या तर कुटीर रुग्णालयातली एक राखीव खोली पुरते. तीनशे निघाल्या तर मग खुशाल वास्तुविशारदाला बोलवावे.

या वहीला जव्हार-मोखाड्यात एक अडचण येते, जी ऑक्सफर्डला किंवा मलप्पुरमला आली नव्हती. दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामांवर जातात आणि पाऊस जवळ आला की परततात. आजारी मूल सोबतच जाते, कारण त्याला ठेवायला मागे कोणी नसते. त्याची फेफऱ्याची गोळी, मॉर्फिनची बाटली आणि ते कसे धरायचे हे शिकलेली आई, सगळे भट्टीवरच्या विटांच्या खोपीत जाते, जिथली आशाताई वेगळी, उपकेंद्र वेगळे आणि तालुका वेगळा. ताईने भेटीच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला की तिच्याकडून तो विषय संपतो. म्हणून तिथल्या कार्यक्रमाला खाटांच्या आधी आणखी एक रकाना आखावा लागेल: भट्टी कोणती, मुकादमाचा नंबर काय, आणि बाटली संपण्याची तारीख कोणती.